भिंतीपलीकडचा वायसर

चप्पल, काकू. पांढऱ्या बाजूला मला एक निळी चप्पल दिसली — तिथून सुरू झालं सगळं. तुम्ही विचारलंत ना, औषधाची गाडी येतेय म्हटल्यावर बाकावरच्या सगळ्यांचे चेहरे उजळले आणि तुझाच का उतरला — तर हे त्याचं उत्तर, आणि आता विचारलंतच तर ऐका, कारण फोन काही कोणी उचलत नाहीये आणि मी गप्प बसले की माझे दात वाजायला लागतात. नाही, थंडी नाही वाजत. राग आला की माझं असंच होतं, लहानपणापासून. भांडायला म्हणून जाते आणि रडायला आल्यासारखी दिसते. समोरच्याला वाटतं पोरगी घाबरली. घाबरलेली असतेच म्हणा. पण घाबरलेल्या माणसाने चिडू नये असं कुठे आहे? राहू द्या, हात राहू द्या तुमचा माझ्या मनगटावर. गार आहे, बर्फाच्या पिशवीने. बरं वाटतंय.

चप्पल म्हणजे — थांबा, आधी हे सांगायला हवं की मी त्या कारखान्यात काम करते. हो, त्याच. या खिडकीतून जे मिळतं, तुमच्या मुलाच्या कोपरात आणि माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यात रक्त साचलं की जे शिरेतून देतात, ते आम्ही बनवतो. बघा, आता तुम्हीही तसंच बघायला लागलात — काही वशिला लावता येईल का, असं. म्हणून मी या बाकावर कधी बोलत नाही कुठे काम करते ते. इतकी वर्षं धाकट्याला घेऊन येते, कधी बोलले नाही. आज तोंडून गेलं. कुपी पर्समधून आणता येत नाही काकू, आणता आली असती तर मी स्वतः इथे का बसले असते, सकाळपासून, त्या बंद टीव्हीकडे बघत?

तुम्हाला ठाऊक आहे का ते बनतं कसं? नसणारच. मलाही नोकरीला लागेपर्यंत नव्हतं, आणि मी त्याच विषयात पदवी घेतलेली — पुस्तकात एक पान होतं त्यावर, परीक्षेला न येणारं. माणसाच्या रक्तातून येतं ते. रक्तातलं पिवळसर पाणी — प्लाझ्मा — अनोळखी माणसं खुर्चीत आडवी पडून देतात. लाल पेशी त्यांच्या त्यांना परत, पिवळं पाणी पिशवीत. पिशवी तपासायची, गोठवायची, आणि तपासणीत चांगली निघाली तरी लगेच वापरायची नाही. शीतघरात नुसती ठेवून द्यायची, महिनोन्‌महिने. का, तर आजार अंगात शिरला की सुरुवातीला कुठल्याच चाचणीत दिसत नाही, लपून बसतो. मग तो देणारा पुन्हा यावा, पुन्हा तपासला जावा, आणि तेव्हाही चांगला निघाला तर मागची पिशवी मोकळी. मला फार आवडतं हे. कोणीतरी शांत डोक्याने बसून विचार केलाय की आपण फसू तर कुठे फसू. माझं डोकं सतत तसाच विचार करतं, घरात त्याला भित्रेपणा म्हणतात, तिथे त्याचा पगार मिळतो.

मग हजारो पिशव्या एका टाकीत. थंडीतच वितळवायच्या, पुऱ्या नाही, बर्फाचा ओला चुरा होईल इतपत — त्यात तळाला जड साका उरतो आणि त्या साक्यात आपल्या पोरांचं औषध. वरच्या पाण्यातून बाकीची काढतात. भाजलेल्या माणसाला लागतं ते, ज्यांच्या अंगात आजाराशी लढायची ताकदच नाही त्यांना लागतं ते. काही टाकून देत नाहीत. पण हजारो पिशव्या एकत्र आल्या म्हणजे काय, एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. एवढं तपासूनही एखादा सुटलाच तर? म्हणून मग त्या द्रवात एक साबणासारखं मिश्रण घालून घुसळायचं, तासन्‌तास. विषाणूच्या अंगावर चरबीचा कोट असतो, काकू, निदान ज्यांची आपल्याला सगळ्यात जास्त धास्ती त्यांच्या अंगावर — तो कोट या साबणात विरघळतो आणि विषाणू निकामी. औषध तसंच्या तसं राहतं. गंमत आहे ना? मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काचेला नाक लावून उभी होते, नुसतं ढवळणं दिसत होतं, बाकी काही नाही, पण मला मामाची आठवण येत होती.

मामालाही हेच होतं, रक्त न गोठण्याचं. आईकडून येतं ना हे, तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही माझ्या आईसारख्याच — कोपर पोराचं सुजतं आणि अपराधी तुम्ही दिसता. मामा तरुण होता तेव्हा हे औषध नवीन होतं आणि हे साबणाचे टप्पे नव्हते. तेव्हा जगभर माणसं याच औषधातून आजारी पडली, हजारोंनी, ज्याने गुडघा वाचवायचा त्यानेच जीव घेतला. मामा त्यातलाच. घरात म्हणतात काविळीने गेला. खोटं नाही ते. पण कावीळ आली कुठून हे कोणी बोलत नाही, कारण कुपी आजोबांनी आणून दिलेली, कौतुकाने, लांबून, सांभाळून — आई गं. काय धडाधड आणतात हो ही ट्रॉली. नाही, काही नाही झालं, दचकायची सवय आहे मला. थांबा, परत लावून बघते.

बघा. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती'. किती गोड बोलते ही बाई, हिचा कोणी गळा का धरत नाही?

तर भिंत. आमच्या कारखान्याच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे सगळं निळं — निळे कपडे, निळ्या चपला, बादल्या, पाइपांचे जोड, सगळं. तिथे साबण फिरायच्या आधीचा माल. पलीकडे सगळं पांढरं. अलीकडच्या टाकीत साबण घालून घुसळलं की भिंतीतल्या पाइपातून ते पलीकडच्या दुसऱ्या टाकीत जातं आणि खरं तासन्‌तासांचं घुसळणं तिथे होतं. तुम्ही विचाराल, दोन टाक्या कशाला? मीही विचारलं होतं. दूध तापवताना झाकणाला थेंब उडतात ना — खालचं दूध उकळलं तरी झाकणावरचा थेंब कच्चाच. पहिल्या टाकीच्या झाकणाला, काठाला असा एखादा थेंब चिकटला असेल ज्याला साबण लागलाच नाही, तर तो मागेच राहावा, पुढे येऊ नये. एका थेंबासाठी आख्खी दुसरी टाकी, काकू. आणि सकाळी जो निळ्या बाजूला गेला त्याने त्या दिवशी पांढऱ्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, टाकायचंच झालं तर आंघोळ करून, आतून-बाहेरून कपडे बदलून. देवघरात सोवळं पाळावं तसं कडक. आमच्यात नवराबायको आहेत, तो निळ्यात ती पांढऱ्यात, डबासुद्धा वेगळा खातात. सगळे चिडवतात, एवढा संयम घरी पाळता का म्हणून.

आणि मला पांढऱ्या बाजूला, टाकीच्या पायामागे, निळी चप्पल दिसली. एकच. उलटी पडलेली.

मी काय केलं असेल? किंचाळले. हसू नका, खरंच किंचाळले, उंदीर दिसल्यासारखी. सगळे हसले. एक फिटर होता तिथे आमचा, चांगला मुलगा, वाईट अजिबात नाही — तो म्हणाला, ताई, चप्पल आहे, चावत नाही. मग मी वर बघितलं. टाकीच्या खालच्या तोंडाला पाइप जोडलेला असतो, जोडाच्या मध्ये रबराचं कडं — गॅस्केट म्हणतात, तुम्ही नळाचा वायसर म्हणा, तेच ते. जोडाच्या फटीतून त्याची कड दिसते, दोऱ्याएवढी. पांढरी दिसायला हवी. ती निळी होती. आणि पाइपातून माल चाललेला. साबण फिरून झालेला, स्वच्छ झालेला माल, त्या निळ्या दोऱ्याला घासून पुढे चाललेला.

फिटरने लपवलं नाही काही. ताई, म्हणाला, पांढरा वायसर फाटला होता, जोड गळत होता, स्टोअरवाला जेवायला गेलेला, साहेब डोक्यावर उभे — पलीकडे ओट्यावर एक पडला होता, मापाचा, मागच्या दाराने जाऊन आणला. येताना लक्षात आलं पायात निळ्या चपला आहेत, म्हणून टाकीखाली भिरकावल्या आणि पांढऱ्या घातल्या. चपला बदलल्या, बघा. चपलांची त्याला लाज वाटली. वायसरची नाही. मी विचारलं, तो ओट्यावरचा धुतलेला होता की वापरलेला? म्हणाला, ओला होता थोडा — पण मी पुसून लावला.

पुसून. काकू, पुसून. भिंत बांधली, दोन टाक्या बसवल्या, नवराबायकोचे डबे वेगळे केले, कुठल्या कुठल्या माणसांच्या पिशव्या महिनोन्‌महिने थांबवून ठेवल्या, आणि शेवटी कपड्याने पुसून. मला अजूनही ते ऐकू येतं, दात घासताना ऐकू येतं.

मग साहेब आले. त्यांचं नाव आम्ही 'झालंच' ठेवलंय, कारण कशालाही ते 'झालंच, झालंच' म्हणतात. मी सांगितलं, थरथरतच सांगितलं, पण सगळं सांगितलं. ते म्हणाले, अगं पुढे बारीक गाळणी आहे, शेवटी चाचण्या आहेत, आणि पिशव्या तर मुळातच तपासलेल्या — एवढ्याशा वायसरने काय होतंय? मी म्हटलं, साहेब, मग गाळणी आहे म्हणून साबण नको, साबण आहे म्हणून तपासणी नको, असं करत करत काय उरेल? आणि चाचणीला काढतात चार कुप्या. चारांत नाही सापडलं म्हणजे कशातच नाही असं होतं का? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं प्रेमाने बघितलं — तसं बघणारा माणूस मला मारणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो — आणि म्हणाले, तुझ्याच भावाला लागतं ना हे? मग अडवून कोणाचं भलं करणार आहेस? नंतर म्हणाले, बरं, रडू नकोस, हा बॅच बाजूला काढतो, मोठ्या बाईंना मी स्वतः कळवतो, झालंच. मोठ्या बाई म्हणजे आमच्या गुणवत्ता बघणाऱ्या. त्यांच्या सहीशिवाय एक कुपी बाहेर पडत नाही, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं तर वाट 'झालंच'च्या टेबलावरून जाते. मला वाटलं, झालं. घरी जाऊन आईला सांगितलं, आई, आज मी बोलले. आईने दृष्ट काढल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाली, तू आणि बोललीस?

आणि आज हे खिडकीवाले. तुम्ही शेजारीच होतात. फोन मानेत धरून, हसत हसत, 'हां, गाडी निघाली? बोला, बॅच नंबर बोला' — आणि मोठ्याने परत म्हणाले तो नंबर, शेवटी एकेचाळीस. तुम्ही लोकांनी हुश्श केलं. तुम्ही तर माझ्या पाठीवर थाप मारलीत, म्हणालात, सुटले तुझा भाऊ नि माझा सोन्या. एकेचाळीस तोच आहे, काकू. बाजूला-बिजूला काही काढला नव्हता. साका काढला, साबण फिरवला, पुसून वायसर लावला, गाळला, वाळवला, कुप्या भरल्या, वर छान लेबल लावलं. झालंच.

खिडकीवाल्यांना सांगितलं की मी. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा. म्हटलं, हे आलं तरी देऊ नका कोणाला. ते म्हणाले, मॅडम, लेखी आणा, नाहीतर बाकावर बसा. बरोबर आहे त्यांचं, उद्या कोणीही येऊन काहीही सांगेल. 'झालंच'ला लावला, त्यांनी कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट — म्हणजे जिवंत आहेत. गेटवर लावला, वॉचमन म्हणतो, मोठ्या बाई आत पांढऱ्यात आहेत, आत फोन नेत नाहीत, बाहेर आल्या की सांगतो, तुमचं नाव काय, आणि नाव सांगितल्यावर म्हणतो, हां हां, त्या चप्पलवाल्या ताई. सबंध कारखान्यात माझं हे नाव पडलंय. चप्पलवाली. ज्याने लावला तो वायसरवाला नाही झाला, मी झाले चप्पलवाली.

काय म्हणालात? नाही, नक्की आहे असं मी कुठे म्हणतेय. कदाचित तो वायसर धुतलेलाच असेल, नुसता पाण्याने ओला. कदाचित पुढच्या गाळणीने सगळं अडवलं असेल. शंभरात नव्व्याण्णव वेळा काही नसणार, हजारात नऊशे नव्व्याण्णव धरा. 'झालंच'लाही हे कळतं, तो काही राक्षस नाही, तो फक्त रोज हा जुगार जिंकणारा माणूस आहे. मामाच्या कुपीवरही कोणीतरी असंच म्हटलं असेल ना. आणि ती एक वेळ कोणाची, हे कोण ठरवणार? गाडी इथेच थांबत नाही, काकू. इथून पुढे जाते, गावोगाव, अशाच खिडक्यांवर, आणि तिथेही बाकावर कोणीतरी हुश्श करत असेल.

नाही. पुढचा बॅच अजून वाळतोय. चार-पाच दिवस तरी. नाही, इथे दुसरं काही नाही. असतं तर त्यांनी सकाळीच दिलं असतं. हो, कळतंय मला. अहो मला कळतंय, मला नाही कळणार तर कोणाला — धाकट्याचा डावा गुडघा असाच गेला, चार दिवस बर्फ आणि पट्टी, तेव्हापासून पाय वाकत नाही त्याचा, बसला की बाकाबाहेर काठीसारखा पुढे येतो, लोक अडखळतात आणि वर त्यालाच बोलतात. आज उजवा आहे. जिन्यावरून घसरला, दोन पायऱ्या, बस. आत पडलाय आणि मला मेसेज करतोय — बघा — 'गाडी आली का, ताई, आता कळ सहन होईना, नर्सला सांगू नको मी रडतोय'. याला काय उत्तर देऊ मी? एकेचाळीस येतोय म्हणून? की तुझ्या ताईने फोन लावून थांबवला म्हणून? उजवाही गेला तर तो चालणार कशावर? आणि तुम्ही मला सांगता एवढासा वायसर.

तुम्ही नाही म्हणालात. बरं. तुमच्या डोळ्यांत होतं. रागावू नका, मी तुमच्यावर नाही चिडले — चिडलेच आहे, खरं तर, सगळ्यांवर चिडलेय. फिटरवर, की तो खरं बोलला. खोटं बोलला असता, धुतलेला होता म्हणाला असता, तर आज मी तुमच्यासारखं हुश्श करून बसले असते. त्या स्टोअरवाल्यावर, की त्याला तेव्हाच भूक लागली. बाईंवर, की एवढी मोठी सही करतात आणि खाली उतरून चपला मोजत नाहीत. धाकट्यावर, की जिना बघून उतरत नाही. हा राग कुठे ठेवू मी? घरात सगळे म्हणतात ही उगीच दचकते. मग उगीच दचकणाऱ्या माणसालाच का दिसते चप्पल? बाकीचे तिला ओलांडून गेले होते, काकू. तिघे-चौघे. ओलांडून.

तुमचा सोन्या किती शांत आहे. मघाशी आत गेले तेव्हा माझ्या धाकट्याला त्याने स्वतःची बर्फाची पिशवी दिली, म्हणाला, दादा, तुला जास्त आहे, माझं कोपर थांबेल. तुम्हीच शिकवलंत ना त्याला तसं? मग मला सांगा, मी — थांबा.

लागला, मोठ्या बाईंना. बाहेर आल्या वाटतं. हो, रिंग जातेय. जातेय.

काकू, असं नका बघू. माझी आई पण असंच बघेल मला, ठाऊक आहे. गाडी थांबवायला बघतेय हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. या बाकावर तुम्हीच पहिल्या. कोणालाच सांगणार नव्हते, नुसता फोन लावणार होते आणि गाडी आली नाही की सगळ्यांबरोबर मीही म्हणणार होते, काय बाई हा कारभार. मनगट दुखतंय. घट्ट झालाय हात तुमचा. मघाशी बरं वाटत होतं.

उचलला.

हॅलो — हो, बाई, मीच. हो, चप्पलवाली. नाही, ठेवू नका, एक मिनिट —

काकू, सोडा. माझा हात सोडा.